खिशातला फ्यूज

नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला जगाकडून दोनच गोष्टी हव्या असतात, अंधारी खोली आणि फिरता पंखा. आमच्या घरमालकांनी मला अंधारी खोली भाड्यानं दिली होती. पंखा मात्र त्यांच्या मर्जीनं फिरायचा.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर क्रेन चालवतो. ठेक्याच्या माणसाला क्वार्टर कोण देणार? म्हणून पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजारामागं, घरमालकांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं बरीच वर्षं राहिलो. मी, बायको आणि आमची मयुरी. रात्रभर लोखंड इकडचं तिकडं करून सकाळी घरी यायचं, अंगावर पाणी घ्यायचं, वरण-भात गिळायचा आणि पडायचं. डोळा लागतो न लागतो तोच वर पंख्याचा सूर बदलायचा. आधी घरघर कमी व्हायची, मग तिन्ही पाती वेगवेगळी दिसायला लागायची, मग एक पातं नेमकं माझ्या तोंडावर येऊन थबकायचं. मे महिन्यातल्या भिलाईत भर दुपारी पंखा थांबणं म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. पण मी डोळे न उघडता सांगू शकायचो की लाइट गेलेली नाही. काकाजींनी फ्यूज काढला आहे.

काकाजी म्हणजे हेच घरमालक. गोंदियाकडची धानाची शेती भावावर सोडून तरुणपणी भिलाईला आलेले आणि प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागात उभी हयात घालवून रिटायर झालेले. अंगात बंडी, खाली पट्ट्यांचा पायजमा, चष्म्याची एक काडी वायरच्या तुकड्यानं बांधलेली. घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी नुसतं बटण बंद करून या माणसाचं भागत नसे. मीटरजवळच्या बोर्डावरचा मेन फ्यूज, तो जुन्या तऱ्हेचा चिनी मातीचा पांढरा ठोकळा, उपटून काढायचा आणि पायजम्याच्या डाव्या खिशात घालायचा. मग काम. तोवर अख्खं घर बंद, वरचं आमचंसुद्धा. पावर हाउसला राहतो आणि घरात पावर नाही, असं मी बायकोला म्हणायचो. ती हसत नसे, कारण तीही घामानं भिजलेली असायची.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं एकदा येताना नव्या पद्धतीचा, खटके वर-खाली करायचा बोर्ड आणला. काकाजींनी तो खोक्यातून काढून उलटापालटा करून पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि पुन्हा खोक्यात ठेवून दिला. त्यांचं म्हणणं असं, की खाली पाडलेला खटका कोणीही येणारा-जाणारा वर करतो आणि वर त्याला वाटतं आपण उपकारच केले. खिशातला फ्यूज कोणाच्या बापाला लावता येत नाही. इन्व्हर्टरचं नाव काढलं तर ते भडकायचेच. ज्या घरात इन्व्हर्टर त्या घरातल्या लाइनीला दोन बाप, एक गेला म्हणून निर्धास्त व्हावं तर दुसरा हाणतो, असं त्यांचं मत. त्यामुळे लाइट गेली की गल्लीत काळंकुट्ट होणारं घर एकटं आमचंच.

साधा खिसा फ्यूजच्या वजनानं लवकर फाटायचा. म्हणून काकू त्यांच्या प्रत्येक पायजम्याला जुन्या चादरीचा दुहेरी खिसा शिवायच्या, फक्त डावीकडे. फ्यूज असो नसो, काकाजींचा डावा हात कायम त्या खिशात. विजेचं काम एका हातानं करायचं, म्हणजे करंट या हातातून छातीवाटे त्या हातात जात नाही, हे प्लांटमध्ये शिकलेलं. पण हे गृहस्थ भाजीबाजारातसुद्धा उजव्या हातानंच वांगी निवडायचे आणि उजव्याच हातात पिशवी धरायचे. मुलाच्या लग्नाच्या फोटोत सगळे अक्षता टाकताहेत आणि वराचे वडील एक हात खिशात घालून इन्स्पेक्शनला आल्यासारखे उभे आहेत.

दुसरी खोड उलट्या हाताची. फाटक, फ्रिज, नळ, कशालाही आधी हाताची उलटी बाजू लावायची. करंट लागला की मूठ मिटते, म्हणून सरळ हातानं धरलेली वस्तू सुटत नाही. उलटा हात लावला तर झटक्यानं मागं येतो. मयुरी लहान असताना तिला ताप आला, तेव्हा हे वर आले, तिच्या कपाळाला उलटा हात लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ताप हाय, पन लीकेज नाही." बायको रडत होती, ती रडता रडता हसली. एवढ्यासाठी मी त्यांना पुष्कळ काही माफ केलं.

पण सगळ्यात छळवादी सवय शेवटची. काम आटोपलं की काकाजी अंगणात उभे राहून ओरडायचे, "लाइन देऊन राहिलो! हात बाहेर?" मग घरातल्या प्रत्येकानं आपापल्या जागेवरून ओरडून सांगायचं, "बाहेर." म्हणजे माझे हात कुठल्या वायरीवर, बटणावर, मशिनीवर नाहीत. काकू स्वयंपाकघरातून, बायको गच्चीवरून, मयुरी जिन्यातून आणि मी अर्धवट झोपेतून. एकाचं जरी उत्तर आलं नाही तरी फ्यूज खिशातच. झोपेत मला कोणी नाव विचारलं असतं तर ते आठवलं नसतं, पण "बाहेर" माझ्या तोंडून आपोआप निघायचं. माझा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं खाली पोलीस आलेत. त्यानं पलंगावर बसून दोन्ही हात वर केले. सगळ्यांचं झालं की काकाजी स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरायचे, नीट बघायचे आणि स्वतःलाच सांगायचे, "माहेबी बाहेर." मग बोर्डाकडे जायचे.

काकूंनी याच रिवाजाचं हत्यार करून टाकलं होतं. नवऱ्याशी भांडण झालं की त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. काकाजी अंगणातून हाका मारताहेत, वर आम्ही भाजून निघतोय आणि काकू आत तांदूळ निवडत मुक्या. नुसतं डोकावून पाहिलं असतं तर दिसलं असतं की बाईच्या हातात सूप आहे. पण काकाजी तसं करायचे नाहीत. दारापर्यंत जायचे आणि विनवायचे, "बोल ना वो. पोरगं नाइट करून आलं हाय." पोरगं म्हणजे मी. माझे केस पिकले तरी मी त्यांच्या लेखी पोरगंच होतो. शेवटी काकूंना माझी कीव यायची आणि त्या फणकाऱ्यानं म्हणायच्या, "बाहेर."

मयुरीचं आणि काकाजींचं जमलं ते कूलरपायी. तेव्हा ती दहावीत होती. चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती, पाय ओले, चप्पल नाही. झटका बसला आणि बादलीसकट मागं फेकली गेली. मी धावलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरनं कोणी ना कोणी जातं, दोन ओळींची बातमी येते, आपण वाचून पान उलटतो. मला ही एकच मुलगी. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक बटणाची मला भीती बसली. मी तिला बजावलं, यापुढे कशालाही हात लावायचा नाही. बल्ब गेला तर अंधारात बस.

काकाजींनी हे ऐकलं आणि वर आले. कूलरला उलटा हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं. हात लावू नको म्हणून सांगितलं तर ही पोरगी आयुष्यभर चुकून हात लावत राहील, असं ते म्हणाले. मी म्हणालो, मले पोरगी जित्ती पाह्यजे, बाकी काही नाही. तर म्हणाले, "मंग मायाकडं पाठव. चप्पल घालून."

तेव्हापासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग भरायला लागला आणि माझी झोप कायमची बरबाद झाली. पहिले कित्येक रविवार त्यांनी तिला वायरीला बोट लावू दिलं नाही. नुसती लाइन वाचायची. खांबावरून वायर कुठं येते, मीटरमधून बोर्डात कशी जाते, बोर्डातून कुठल्या खोलीत, कुठल्या बटणाला, तिथून दिव्याला आणि दिव्यातून परत कुठं. मयुरी बोट वर करून भिंतीकडे बघत घरभर फिरायची. वायर भिंतीच्या आत असली तरी तिनं सांगायचं, आता इथून वळली. मध्येच कंटाळून ती हिंदीवर यायची, आजकालच्या पोरांसारखी. "काकाजी, ये तो बोर है. असली काम कब?" काकाजी तिला पुन्हा खांबापाशी नेऊन उभं करायचे. जिला येण्याजाण्याचा रस्ता माहीत नाही तिला वीज घरात शिरली कधी आणि आपल्या अंगातून निघाली कधी ते कळायचं नाही, असं त्यांचं सांगणं.

मग आला टेस्ट लॅम्प. होल्डर, त्यात बल्ब आणि होल्डरला दोन वायरी, इतकंच. खिशाला लावायचा टेस्टर त्यांना पटत नसे; उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि करंट नसला तरी कधीकधी उगाच लुकलुकतो, म्हणायचे. एका रविवारी त्यांनी तिला तो लॅम्प दिला आणि एक सॉकेट बंद आहे की चालू ते बघायला सांगितलं. मयुरीनं डावा हात खिशात घालून, अगदी त्यांच्याच थाटात, वायरी लावल्या. बल्ब पेटला नाही. ती म्हणाली, बंद आहे. काकाजींनी शांतपणे टेबल फॅनची पिन त्याच सॉकेटात घातली आणि फॅन फिरायला लागला. त्यांनी आधीच तिच्या लॅम्पमध्ये उडालेला बल्ब बसवून ठेवला होता.

"लाइन मेली का तुहा दिवा मेला, हे तुले कसं कळन?" त्यांनी विचारलं.

म्हणून आधी चालू जागेवर लॅम्प पेटवून बघायचा, मग तपासायच्या जागेवर लावायचा. मयुरी पुढच्या वेळी तसंच करायला गेली. चालू सॉकेटवर लॅम्प पेटला, ती खूश झाली. तिची पाठ वळली तेवढ्यात म्हाताऱ्यानं बल्ब हळूच सैल करून ठेवला. पुन्हा फसली. ती चिडून जिन्यात येऊन बसली, म्हणाली हा माणूस चीटिंग करतो. पण त्यानंतर तिनं कधी दोन जागी तपासून सोडून दिलं नाही. आधी जिवंत जागेवर, मग मेलेल्या जागेवर, मग पुन्हा जिवंत जागेवर. मिक्सर, इस्त्री, गल्लीतल्या बायकांचे कूलर, सगळीकडे हाच क्रम. मला मात्र ती लॅम्प घेऊन बसलेली दिसली की मी पलंगावरून उठून जिन्याच्या कठड्याशी यायचो. मी वरून बघत राहायचो, झोप नसायचीच.

एकदा तिनं त्यांना विचारलं की हे हात बाहेरचं नाटक कशाला. मी जिन्यात चहा घेत बसलो होतो, म्हणून मलाही ऐकायला मिळालं. प्लांटमध्ये त्यांचा एक जोडीदार होता. लाइन बंद करून काम चाललं होतं. काम संपल्यावर लाइन द्यायच्या आधी सगळ्यांना आवाज दिला गेला. जोडीदाराचं उत्तर आलं नाही. कोणीतरी म्हणालं, तो बाहेर आहे, त्याला चहाला जाताना पाहिलंय. तो चहाला गेला होता हे खरं होतं. पण राहिलेली पकड घ्यायला तो परत आत गेला होता.

"सांगनारा खोटं बोलला नोता," काकाजी म्हणाले. "त्यानं पायलं नोतं, एवढंच. दुसऱ्यासाठी बोलाचं असन तर आधी त्याचे दोन्ही हात आपल्या डोयानं पाहाचे. नाही तं चूप बसाचं."

तो सांगणारा कोण होता, हे विचारावंसं मला फार वाटलं. त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी झोपेतून "बाहेर" म्हणायच्या आधी एकदा आपले हात बघायला लागलो.

मयुरी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी नाइट करून झोपलो होतो. बायको आणि काकू चरोद्याला एका लग्नाला गेल्या होत्या, मयुरी मैत्रिणीकडे. पंखा थांबला. मी मनात दोन शिव्या दिल्या, कूस बदलली आणि घामात पडून त्या हाकेची वाट बघायला लागलो. "बाहेर" जिभेवर तयार होतं. हाक येईना. काम मोठं दिसतंय म्हणून थांबलो. उशी भिजली, तरी हाक नाही. शेवटी वैतागून, आज चार शब्द ऐकवायचेच असं ठरवून खाली उतरलो.

काकाजी मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. तोंडावर घामाचे ओघळ, रंग राखेसारखा, डावा हात खिशात. मला बघून त्यांनी आधी काय सांगावं? "लाइन बंद हाय. घाबरू नोको." मी विचारलं काय होतंय, तर उजव्या हातानं छाती दाखवली. मी नाक्यावरून ऑटो आणला. ऑटोत चढताना त्यांनी आधाराचा दांडा धरायच्या आधी त्याला उलटा हात लावून पाहिला. ते मला अजून दिसतं. हॉस्पिटलमध्ये त्यांना आत नेलं आणि संध्याकाळच्या आत डॉक्टर बाहेर येऊन काय ते सांगून गेले.

त्या रात्री खालच्या घरात शेजाऱ्यांनी आणून दिलेला चार्जिंगचा दिवा जळत होता. लाइट का नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सकाळी मुलगा पुण्याहून पोचला आणि आम्ही काकाजींना घेऊन गेलो.

घाटावरून परतलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. आल्यावर सगळ्यांनी आंघोळ केल्याशिवाय घरात जायचं नाही, हा रिवाज. मागच्या अंगणातल्या न्हाणीत बादल्या मांडलेल्या, शेजाऱ्यांकडून आणलेलं थोडं पाणी तिथं सांडत होतं, पण टाकी कोरडी होती. मोटर चालू केल्याशिवाय पाणी चढणार नव्हतं. मुलगा बोर्डापाशी गेला, फ्यूज नाही हे बघितलं आणि मला विचारलं की तोवर फ्यूजच्या जागी जाड तार लावून मोटर चालवू का. दोन दिवस मी नीट झोपलो नव्हतो. घाटाचा धूर डोळ्यात होता. मी लाव म्हणालो असतो. तोंड उघडलंही होतं.

मयुरी बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, रुको. फ्यूज काकाजींच्या खिशात हाय."

तो म्हणाला, म्हणूनच तार लावतोय.

"खिशात हाय म्हनजे काम बाकी हाय," ती म्हणाली. "लाइन कहीं खुली है. जोपर्यंत भेटत नाही तोपर्यंत देऊ नोका."

मुलगा काही वाईट नव्हता. बापाला अग्नी देऊन आलेला, रात्रभर प्रवास केलेला माणूस. अंगणात नातेवाईक ओल्या उपरण्यांनी ताटकळत उभे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, की तुमच्या मुलीला बाजूला घ्या. मी मयुरीकडे पाहिलं. कूलरच्या दिवशीचे तिचे पांढरे ओठ मला आठवले आणि मी त्याला म्हणालो, बघू दे तिला.

ती फाटकाबाहेर जाऊन खांबाखाली उभी राहिली. तिथून बोट वर करून सुरू झाली. खांब, मीटर, बोर्ड, पुढची खोली, देवघर, स्वयंपाकघर. लोक तिच्याकडे बघत होते, कोणीतरी कुजबुजलं की या पोरीला धक्का बसला आहे. ती भिंती वाचत मागच्या दारानं अंगणात आली, मोटरच्या वायरीमागं चालत न्हाणीत शिरली आणि ड्रमच्या मागं वाकली. तिथूनच तिनं आम्हाला हात केला.

आम्ही जाऊन पाहिलं. उंदरांनी कुरतडलेली मोटरची वायर काकाजींनी बटणाच्याही अलीकडे, बोर्डाच्या बाजूला कापली होती. सोललेली दोन टोकं ड्रमच्या आडोशाला फरशीवर पडली होती आणि सांडलेल्या पाण्याचा ओघळ त्यांच्यापर्यंत पोचला होता. शेजारी पकड आणि टेपचं अर्धं उलगडलेलं भेंडोळं. दुखायला लागल्यावर ते तिथून उठले असतील. तार लावली असती तर पहिली बादली घ्यायला जो वाकला असता तो गेला असता. मुलगा न्हाणीच्या काठावर बसला.

मयुरीनं घाई केली नाही. काकाजींचा टेस्ट लॅम्प आणला, बोर्डात खांबाकडून येणाऱ्या वायरीवर लावून पेटतो का पाहिलं, मग न्हाणीतल्या टोकांवर लावला, मग पुन्हा जाऊन बोर्डात पेटवला. डावा हात ओढणीच्या आत दाबून धरलेला. टोकं जोडली, टेप केली, वर खुंटीला बांधली. मग काकूंपाशी गेली.

हॉस्पिटलनं काकाजींचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत दिले होते. ती पिशवी कोणाला तरी देऊन टाकायची म्हणून मागच्या दाराजवळ ठेवली होती. काकूंनी ती मांडीवर घेतली, पायजमा काढला आणि स्वतःच शिवलेल्या त्या दुहेरी खिशात हात घालून फ्यूज बाहेर काढला. पदरानं पुसून मयुरीच्या हातात दिला.

मयुरी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "लाइन देऊन राहिली! हात बाहेर?"

नातेवाइकांना काही कळलं नाही. मुलगा म्हणाला, "बाहेर." गच्चीवरून माझी बायको म्हणाली. काल दुपारपासून जिभेवर ठेवलेलं "बाहेर" मीही म्हणालो, आधी आपले हात बघून. मयुरीनं स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले, "माझेबी बाहेर" म्हणाली आणि तरीही जागची हलली नाही.

"फ्यूज काकाजींनं काढला होता," ती म्हणाली. "त्यायचं उत्तर पाह्यजे."

मुलानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घरात वाढलेल्या कोणालाही हे ठाऊक होतं, की दुसऱ्यासाठी असं उगाच बोलायचं नसतं. लोक एकमेकांकडे बघत उन्हात उभे होते आणि पोरगी फ्यूज हातात धरून वाट बघत होती.

मग दारात बसलेल्या काकू बोलल्या. ज्या बाईनं रागाच्या भरात आम्हाला कितीदा उन्हाळ्यात भाजलं होतं, ती या वेळी विनवणीची वाट न बघता बोलली.

"त्यायचे दोन्ही हात म्या सकाळी धुतले माय," त्या म्हणाल्या. "पायले म्या. बाहेर हायेत. दे लाइन."

मयुरी बोर्डाकडे गेली. न्हाणीशेजारी मोटर घुरघुरली आणि वर आमच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरायला लागल्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला.